घरची शाळा : पद्धतीआधी मूल पाहा

भिलाईच्या कोहका भागातले एखादे मराठी घर डोळ्यांपुढे आणा. आई मुलाशी मराठीत बोलते, गल्लीत हिंदी आणि छत्तीसगढी कानावर पडते आणि चौथे वर्ष लागताच मूल नर्सरीत इंग्रजी गाणी घोकू लागते. सकाळी रिक्षा आली की रडारड! आजी म्हणते, ‘‘एवढी घाई कशाला? घरीच शिकव ना!’’ आईलाही ते पटते. पण शिकवायचे कसे? कोणी म्हणते माँटेसरी, कोणी म्हणते वेळापत्रक लावा, तर कोणी म्हणते मुलाला मोकळे सोडा.

अंगणातली शाळा

या प्रश्नाचे उत्तर शोधताना ताराबाई मोडक यांची आठवण होते. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले. पुढे १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ ती हीच. कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही चालवली. माँटेसरीची महागडी साधने नव्हती. दगड, शंख-शिंपले, पाने, बिया यांवर काम भागले. पद्धतीत मुलाला कोंबायचे नाही, मुलाच्या जगण्यातून पद्धत उभी करायची, हेच त्यांनी दाखवून दिले.

तीन वाटा

आपले मूल सतत हाताने काही करत असते का? मग माँटेसरीची वाट धरा. डाळ-तांदूळ निवडणे, वाटीने पाणी मोजणे, बटणे लावणे हाच त्याचा अभ्यास. त्याला गोष्टींचे वेड आहे का? मग गिजुभाईंप्रमाणे गोष्ट, गाणे आणि नाटुकली यांतून शिकवा. काही मुलांना ठरलेला क्रम आवडतो; त्यांना रोज अर्धा-पाऊण तास पाटी-पुस्तक पुरे. बहुतेक घरांत या तिन्हींची मिसळच होते आणि त्यात काही वावगे नाही. भाषेची सुरुवात मात्र मराठीनेच करा. घरच्या भाषेत पाया पक्का झाला की हिंदी-इंग्रजी सोपी जाते.

घराकडेही पाहा

वडील पोलाद कारखान्यात नाइट शिफ्ट करून सकाळी झोपत असतील, तर त्या वेळी गाणी-गोंधळ कसा चालेल? अभ्यास संध्याकाळी घ्या. आई नोकरी करत असेल, तर आजी-आजोबांची तयारी आहे का, हे आधी विचारा. मुलाला रोज चार सवंगडी मिळतील याचीही सोय हवी. नुसते घर म्हणजे शाळा नव्हे. तीन महिने करून पाहा. मूल कशात रमते, कशाला कंटाळते, ते वहीत टिपा आणि मग बदल करा.

परतीचे दार

सहा वर्षांपर्यंत कायद्याची अडचण नाही. त्यानंतर मात्र २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत घालणे पालकांचे कर्तव्य ठरवले आहे. घरी शिकवण्याचा त्यात उल्लेखच नाही. पुढे मुलाला शाळेत घालायचे झाले, तर वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क याच कायद्याने दिला आहे. चौदाव्या वर्षानंतर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीची परीक्षा देता येते. रायपूरला छत्तीसगढचे राज्य ओपन स्कूलही आहे.

मुंबईच्या मालविका जोशीने सातवीनंतर शाळा सोडली. आईने नोकरी सोडून तिला घरी शिकवले. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधल्या तीन पदकांच्या जोरावर २०१६ मध्ये तिला अमेरिकेच्या एमआयटीत प्रवेश मिळाला. बारावी नसल्याने आयआयटीची वाट मात्र तिला बंद होती. अशी पदके सर्वांनाच कुठून मिळणार? म्हणून परीक्षेची वाट पहिल्यापासून मोकळी ठेवा.

आणि वर्षभराने मूल स्वतःच म्हणाले, ‘‘आई, मला शाळेत जायचंय,’’ तर? तो आपला पराभव मानू नका. आनंदाने दप्तर भरून द्या. मूल हसत शिकायला निघाले, यासाठीच तर हा सारा खटाटोप!