पातळ बर्फाचा दगा

१ फेब्रुवारी २०२३ रोजी गुलमर्गजवळच्या अफरवत शिखराच्या उतारावर हिमस्खलन होऊन पोलंडचे दोन स्कीपटू ठार झाले. असे अपघात का होतात? ‘बर्फ फार साचला म्हणून,’ हे उत्तर वर्गात हमखास येते. ते अर्धेच खरे आहे. पुष्कळदा दगा देतो तो हिवाळ्याच्या आरंभी पडलेला पातळ थर!

कसा ते पाहा. जमिनीलगतच्या बर्फाचे तापमान शून्य अंशाच्या आसपास असते. पृष्ठभागाचे समजा उणे १५ अंश आहे. थर दीड मीटर जाड असेल, तर दर मीटरला १० अंशांचा फरक पडतो. अर्धाच मीटर असेल, तर ३० अंशांचा! फरक एवढा वाढला की खालचा बर्फ न वितळताच त्याची वाफ होते (यालाच संप्लवन म्हणतात), ती वर सरकते आणि पुन्हा गोठते. त्यातून जाड्या साखरेसारखे सुटे स्फटिक तयार होतात. ते एकमेकांना धरून राहत नाहीत.

पुढे वादळ येते आणि वारा त्यांच्यावर बर्फाची घट्ट लादी रचतो. तिरप्या पाटावर साखर पसरून वर फरशी ठेवावी, तसे हे झाले. एका माणसाच्या भारानेही लादी तडकते.

बहुतेक लाद्या ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून सुटतात. कोनमापकाला ओळंबा बांधून शाळेच्या जिन्याचा उतार मोजा. तो ३० अंशांच्या आसपास भरेल. मात्र उताराच्या पायथ्याशी सपाटीवर पडलेले पाऊलही वरची लादी सोडवू शकते. पायाखाली ‘धप्प’ आवाज आला, की समजावे, आतली साखर खचली.