पाणतीरांच्या कारखान्यातला महिना

अलेक्झांड्रिया गावात किंग स्ट्रीटवरून पोटोमॅक नदीकडे चालत गेलं, की काठाशी एक लांबलचक तीन मजली इमारत लागते. ती कलाकेंद्राची आहे. आत शिरल्यावर मात्र डोळा खेचून घेतो तो एक पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो. लांबी साडेवीस फूट, वजन दीड टनाच्या आसपास, आणि रंग भडक हिरवा. शत्रूच्या नकळत पाण्याखालून जायच्या हत्याराला असा रंग कशाला? कारण हा पाणतीर चाचणीचा होता. तो सोडायचा, कुठवर गेला ते पाहायचं आणि पाण्यातून हुडकून परत आणायचा. १९४५ साली तो इथेच तयार झाला. त्याची नोंदवहीसुद्धा शेजारी मांडून ठेवली आहे.

ही अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातली, राजधानी वॉशिंग्टनला खेटून असलेली ‘टॉर्पेडो फॅक्टरी’. आज इथे अनेक स्टुडिओ आहेत आणि चित्रकार, कुंभार, मुद्राचित्रकार, विणकर, मीनाकारी करणारे, दागिने घडवणारे असे कितीतरी जण रोज काम करतात. आत यायला तिकीट नाही. या कलाकारांच्या कामाचा वरचेवर बाहेर येणारा हिशेब म्हणजे खालच्या दालनांत महिन्या-महिन्याला बदलणारी प्रदर्शनं. त्यांचं मर्म कळायला आधी या इमारतीची गोष्ट ऐकायला हवी.

पहिलं महायुद्ध संपलं ११ नोव्हेंबर १९१८ रोजी. या कारखान्याचं बांधकाम सुरू झालं १२ नोव्हेंबरला! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. १९२०पासून पाचेक वर्षं इथे पाणतीर बनले, मग काम थांबलं आणि दारूगोळ्याचं कोठार झालं. दुसऱ्या महायुद्धात यंत्रं पुन्हा धडधडू लागली. पाणबुडीतून सोडायचा ‘मार्क १४’ हा इथला मुख्य माल.

या मार्क १४ची कथा अमेरिकी नौदलाला आजही टोचते. न्यूपोर्टच्या नौदल केंद्रात त्याचा आराखडा झाला. एकेका पाणतीराची किंमत १०,००० डॉलरच्या घरात, म्हणून खऱ्या स्फोटकासह पुरेशा चाचण्या झाल्याच नाहीत. सगळी काटकसर तिथेच केली गेली. युद्ध पेटल्यावर पाणबुड्यांचे कप्तान सांगू लागले, की तीर नेमल्यापेक्षा दहाएक फूट खालून जातोय, मध्येच फुटतोय, नाहीतर जहाजाला धडकूनही फुटत नाहीये. वरचे अधिकारी म्हणत, तुमचा नेम चुकतोय. १९४२ साली ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर पाण्यात जाळी टाकून त्यातून तीर सोडले, भोकं कुठे पडली ते मोजलं, तेव्हा खोलीचा दोष सिद्ध झाला. जुलै १९४३ मध्ये ‘टिनोसा’ या पाणबुडीने एका जपानी जहाजावर १५ तीर सोडले. बहुतेक तीर नुसते आपटले. एकामागून एक दोष निस्तरता निस्तरता १९४३चा सप्टेंबर उजाडला. हत्यार कारखान्यातून निघून थेट युद्धात गेलं होतं. त्याची खरी परीक्षा झाली ती शत्रूसमोर.

युद्धानंतर इमारत पुन्हा कोठार झाली. स्मिथसोनियन संग्रहालयाची डायनोसॉरची हाडं, संसदेची कागदपत्रं, जर्मनांकडून हाती लागलेल्या फिल्म असं काहीबाही इथे साठत राहिलं. १९६९ साली अलेक्झांड्रिया शहराने ती केंद्र सरकारकडून विकत घेतली. पुढे तिचं काय करायचं याचं उत्तर दिलं मेरियन व्हॅन लँडिंगहॅम या चित्रकर्तीने. त्या ‘आर्ट लीग’ या १९५४ पासून चालत आलेल्या कलाकार-संघटनेच्या अध्यक्ष होत्या आणि पुढे राज्याच्या विधानसभेवरही निवडून गेल्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की कलाकारांना काम करायला जागा द्या आणि लोकांना ते काम बघू द्या. मे १९७४ मध्ये साफसफाईला सुरुवात झाली. ४० ट्रक राडारोडा निघाला. अग्निशमन दलाने आख्खी इमारत पाइप लावून धुऊन काढली. कलाकारांनी स्वतः भिंती रंगवल्या आणि १५ सप्टेंबर १९७४ला दारं उघडली. हीटरची सोय नंतर, पहिल्या थंडीत झाली आणि वातानुकूलन त्याच्याही पुढच्या उन्हाळ्यात. नीट नूतनीकरण होऊन आजचं रूप आलं ते २० मे १९८३ रोजी.

या केंद्राची खरी गंमत उघड्या दारांत आहे. स्टुडिओत बसलेल्या माणसाचं काम तुम्ही बाहेरून पाहता, वाटलं तर आत जाऊन विचारता. एचिंगचं काम चाललेल्या टेबलाशी थोडा वेळ उभे राहा. तांब्याच्या किंवा जस्ताच्या प्लेटवर ॲसिडने खाल्लेल्या रेषा असतात. त्यांत काळी शाई दाबून भरायची. मग जाळीदार कापडाच्या बोळ्याने, आणि शेवटी नुसत्या तळहाताने, वरची शाई पुसत न्यायची. जास्त पुसली तर रेष फिकी, कमी पुसली तर सगळा कागद मळकट. त्यावर ओलसर कागद, कागदावर लोकरीचं जाड कापड, आणि प्रेसचं चाक फिरवायचं. कागदाचा कोपरा धरून हलकेच उचलला जातो तेव्हा बघणारेही श्वास रोखतात. बहुतेक वेळा कलाकार मान हलवतो, प्रूफ बाजूला ठेवतो आणि पुन्हा प्लेटकडे वळतो. हे मान हलवणं आपल्याला एरवी दिसत नाही. दालनात दिसतो तो खाली पेन्सिलीने ‘४/२५’, म्हणजे पंचवीसपैकी चौथा, असं लिहिलेला, काचेआडचा तयार ठसा.

तो ठसा भिंतीवर जातो कसा? तळमजल्यावरच्या आर्ट लीगच्या दालनात दर महिन्याला नवं प्रदर्शन लागतं. सदस्य आपलं काम घेऊन येतात, बाहेरून बोलावलेला परीक्षक निवड करतो. परीक्षक बदलता असल्याने गेल्या खेपेला नाकारलेला माणूस या खेपेला पुन्हा नशीब अजमावू शकतो, आणि मागच्या वेळी वाहवा झालेल्यालाही यंदा हमी नसते. केंद्राचं स्वतःचं ‘टार्गेट गॅलरी’ नावाचं दालन आहे. कारखान्याचा वारसा नावातही असा शिल्लक आहे. निवड झाली की मांडणी. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेच्या रेषेत, हा जगभरच्या दालनांतला रिवाज. कुणाशेजारी कोण लागेल यात चित्रं एकमेकांना उजळतात किंवा मारतात. मग उद्घाटनाची संध्याकाळ, गप्पा, थोडीफार विक्री. महिना सरला की भिंत पुन्हा पांढरी.

आपल्याकडे प्रदर्शन म्हटलं की आठवते ती मुंबईतली १९५२ साली उघडलेली जहांगीर आर्ट गॅलरी. तिथल्या तारखेसाठी कलाकार वर्षानुवर्षं थांबतो आणि त्याच्या वाट्याला येतो एक आठवडा. त्या सात दिवसांत सगळं पणाला लागतं. काम चालू असतानाच दाखवण्याची, एका छपराखाली राबण्याची सोय मुंबईतही होती. वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये पन्नास-साठच्या दशकांत गायतोंडे, हुसेन यांचे स्टुडिओ होते, रविशंकरांची ‘किन्नर’ ही संगीतशाळा होती, अल्काझींचं नाटकाचं काम चाले. ती वास्तू आता नाही. आणि कारखान्यांचं म्हणाल, तर आपल्या गिरण्या बंद पडल्यावर त्यांच्या जागी काय उभं राहिलं, ते लोअर परळला जाऊन बघता येतं.

अलेक्झांड्रियातही सगळं गोडीगुलाबीने चाललेलं नाही. नदीकाठची जागा सोन्याच्या मोलाची. तिथे बाजारभावापेक्षा कमी भाड्याने कलाकारांनी बसायचं, तर शहराला त्याचं काय मिळतं, हा सवाल वरचेवर उठतो. वर्षानुवर्षं कलाकारांची संघटना कारभार बघत होती. २०१६ साली तो शहराच्या कला विभागाकडे गेला. स्टुडिओ किती ठेवायचे, खानपानाला आणि कार्यक्रमांना किती जागा द्यायची, यावर वाद झडत राहिले. शहराला वर्दळ हवी आणि कलाकाराला एकांत. दार उघडं ठेवून काम करायची अट ही दोघांमधली तडजोड आहे, आणि तडजोडी पुन्हा पुन्हा कराव्या लागतात.

एवढं असूनही महिन्याचा फेरा चुकत नाही, आणि मला वाटतं या जागेची ताकद त्यातच आहे. एकच मोठं प्रदर्शन म्हणजे थेट युद्ध. दर महिन्याची भिंत ही जाळी असते. तीर सोडायचा, भोक कुठे पडलं ते बघायचं, खोली चुकली असेल तर दुरुस्त करायची. इथे चुकीची किंमत परवडण्याजोगी असते, कारण पुढचा महिना येणारच असतो.

महिनाअखेरीला न खपलेली चित्रं भिंतीवरून उतरतात. कुणी आपली फ्रेम काखोटीला मारून गाडीकडे निघतो, कुणी जिन्याने वर आपल्या स्टुडिओत. जाता-येता हॉलमधला तो हिरवा पाणतीर दिसतच असतो. या कारखान्यातून बाहेर पडलेल्या मालापैकी एक, परत यावा म्हणून रंगवलेला.