तुटलेला दोर कुठे जातो?

डिसेंबरच्या सुट्ट्यांत कोकणातल्या गर्दीच्या किनाऱ्यांवर हे दृश्य हमखास दिसते. बंदी असूनही कुणीतरी गाडी थेट वाळूत उतरवतो, चाके रुततात, ॲक्सिलरेटर दाबल्यावर ती आणखी खोल जातात आणि तिकडे भरतीचे पाणी वर सरकू लागते. मग गावातला ट्रॅक्टर बोलावला जातो. कुणी साखळी आणतो, कुणी गंजलेली वायररोप, कुणाच्या डिकीत ऑनलाइन मागवलेला रंगीत पट्टा निघतो. दोर ताणला जातो आणि दोन्ही बाजूंना बघ्यांची रांग लागते. लहान मुले पुढे, मोबाइल धरलेले त्यांच्या मागे. गाडी निघेल की नाही, यावर पैजाही लागतात. दोर तुटला तर तो कुठे जाईल, हा प्रश्न मात्र क्वचितच कुणाच्या डोक्यात येतो.

हल्ली फोर बाय फोर गाड्या घेणाऱ्यांची संख्या वाढली आहे आणि त्यांच्या गप्पांत एक वाद नेहमीचा असतो. विंचवर पोलादी दोर ठेवावा की कृत्रिम धाग्याचा? लोखंडी शॅकल वापरावी की दोराचीच विणलेली, म्हणजे सॉफ्ट शॅकल? हा वाद बहुधा किंमत आणि टिकाऊपणा यांवर होतो. खरे तर तो हाडे, डोळे आणि बोटे यांच्याशी जास्त निगडित आहे.

ताणलेल्या दोरात ऊर्जा साठलेली असते. दोर जितका ताणतो आणि ज्या बळाने ताणतो, त्यावर ती ठरते. दोन टनांची गाडी ताशी पंधरा किलोमीटर वेगाने पुढे जाऊन स्नॅच पट्ट्याला हिसका देते, तेव्हा तिच्याजवळ सुमारे सतरा हजार जूल गतिज ऊर्जा असते. आता पट्ट्याच्या टोकाची सव्वा किलोची लोखंडी शॅकल निसटली आणि त्या ऊर्जेतला फक्त तीन टक्के वाटा तिला मिळाला असे धरू. ती ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने सुटेल. ताशी १४० किलोमीटरने आलेल्या क्रिकेटच्या चेंडूत साधारण १२० जूल ऊर्जा असते. या शॅकलमध्ये त्याच्या चौपटीहून अधिक. शेतात पाखरे हाकणाऱ्या गोफणीचेच हे तत्त्व आहे, फक्त इथे दगड लोखंडाचा असतो आणि नेम कुणी धरलेला नसतो.

तारांचा दोर १८३४ मध्ये जर्मनीतल्या हार्झ पर्वतातील खाणींसाठी विल्हेल्म आल्बर्ट या खाण अधिकाऱ्याने प्रचारात आणला. त्याआधी साखळ्या वापरत. साखळीची एक कडी तुटली की सारे संपले, आणि ती कडी आधी काही सांगत नाही. तारेच्या दोरात मात्र एकेक तार तुटत जाते, म्हणजे तो इशारा देतो. दगडावर घासला तरी लगेच कापला जात नाही, उन्हाने खराब होत नाही, तापला तरी सहन करतो. हे गुण आजही खरे आहेत.

पण त्याच तुटलेल्या एकेक तारा बाहेर डोकावतात, कुसळासारख्या. विंचच्या ड्रमवर दोर गुंडाळताना तो उघड्या हातातून सरकू दिला की ही कुसळे तळहात चिरत जातात. जखम छोटी दिसते, पण तिच्यात गंज, वंगण आणि चिखल असतो आणि कधीकधी बोटाचा स्नायुबंध कापलेला असतो. बोट वाकत नाही, हे घरी गेल्यावर लक्षात येते. दोर आणि ड्रम यांच्यामध्ये बोट सापडले तर विंच थांबेपर्यंत ते चेंगरलेले असते. हातात अंगठी असेल तर मोजा उलटा निघावा तशी कातडी सोलून निघते. आणि ताणलेला पोलादी दोर तुटला की त्याचे जड, पीळ असलेले टोक चाबकासारखे वळत येते. ते सरळ रेषेत येत नाही, म्हणून ‘आपण बाजूला उभे आहोत’ हा दिलासा खोटा ठरतो.

कृत्रिम धाग्याचा विंचदोर ज्या पदार्थाचा असतो, तो वैद्यकाला नवा नाही. अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन असे त्याचे लांबलचक नाव. जॉन चार्नली या ब्रिटिश शल्यविशारदाने १९६२ मध्ये कृत्रिम खुब्याच्या वाटीसाठी त्याचा वापर सुरू केला आणि आजही खुबा व गुडघा बदलताना सांध्यातला घासला जाणारा पृष्ठभाग बहुधा याचाच असतो. १९७०च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये त्याचे अतिशय मजबूत तंतू काढण्याची पद्धत विकसित झाली. डायनिमा हे नाव त्यातूनच आले. दहा मिलिमीटर जाडीचा पंचवीस मीटर पोलादी दोर नऊ-दहा किलोचा भरतो. तेवढाच डायनिमाचा दोर दीड किलोच्या आसपास असतो, तितकाच किंवा जास्त ताण पेलतो आणि पाण्यावर तरंगतो.

‘कृत्रिम दोर ताणत नाही, म्हणून त्यात ऊर्जाच साठत नाही’ असे विक्रेते सांगतात. ते बरोबर नाही. तुटण्याच्या बेताला आलेला हा दोर तीन-चार टक्के लांबतो. पोलादी दोर याहून जास्त ताणतो असे नाही. त्याची सुरक्षितता मुख्यतः हलकेपणात आहे. ऊर्जा तेवढीच असली तरी वस्तुमान कमी असल्याने तुटलेल्या टोकाचा संवेग कमी असतो, हवेचा अडथळा त्याला लवकर थांबवतो आणि विणीला पीळ नसल्याने ते गरगरत येत नाही. लागले तर वळ उठेल, कदाचित जखम होईल. पण पोलादी दोराइतका घात होण्याची शक्यता बरीच कमी. सॉफ्ट शॅकलचेही तेच. ती शंभर-दोनशे ग्रॅमची असते. सुटली तरी गोफणीत दगड नसतो.

तोटे आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. हा तंतू १५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो आणि त्याच्या बऱ्याच आधी, सत्तर अंशांपासूनच, त्याची ताकद घटू लागते. अनेक विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या आत असतो. गाडी उतारावर बराच वेळ दोराने सोडली की ड्रम तापतो आणि आतले वेढे कमजोर होतात. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, या सुंभाचे तसे नाही. धारदार कातळावर तो कापला जातो, उन्हाने झिजतो, वाळूचे कण आत शिरून धागे आतून कुरतडतात. पोलादी दोराने चरे पाडलेल्या रोलरवर नवा कृत्रिम दोर चढवला तर तो पहिल्याच वापरात फाटू शकतो. रोलर बदलून गुळगुळीत ॲल्युमिनियमचा फेअरलीड बसवायचा खर्च त्यासाठीच आहे.

कृत्रिम म्हणजे निर्धोक नव्हे, याचा धडा जहाजांवर मिळाला. मार्च २०१५ मध्ये वेल्समधील मिलफर्ड हेवन येथे ‘झार्गा’ हे द्रवरूप वायू वाहणारे जहाज धक्क्याला लागत असताना याच जातीच्या पॉलिएथिलीन तंतूंचा दोर तुटला आणि एका अधिकाऱ्याच्या डोक्याला अतिशय गंभीर इजा झाली. त्या दोराला शेवटी एक लवचीक तुकडा जोडलेला होता. ऊर्जा त्यात साठली आणि तुटलेला दोर मागे झेपावला. दोरावरच्या आवरणामुळे आतल्या तंतूंची झीजही दिसत नव्हती. गाडीच्या बाबतीत हेच घडते ते विंचदोराला स्नॅच पट्टा जोडून लांबी वाढवल्यावर. तसे कधीही करू नये.

स्नॅच पट्टा किंवा कायनेटिक दोर ही वेगळीच जात. तो नायलॉनचा असतो, वीस-तीस टक्के ताणतो आणि ताणणे हेच त्याचे काम. भिजल्यावर नायलॉनची ताकद साधारण दहा-पंधरा टक्क्यांनी घटते. आपल्याकडे दुकानात ‘नायलॉनचा दोर’ म्हणून मिळणारा अनेकदा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. तुकडा पाण्यात टाकून पाहावा. नायलॉन बुडते, पॉलिप्रॉपिलीन तरंगते. या पट्ट्याची तुटण्याची क्षमता दोनपैकी हलक्या गाडीच्या भारासह एकूण वजनाच्या दुप्पट ते तिप्पट असावी. तो ट्रेलरच्या गोळ्याला, म्हणजे टो-बॉलला, अडकवू नये. तो गोळा हिसक्यासाठी बनवलेला नसतो आणि तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. ऑस्ट्रेलियात अशा घटनांत माणसे गेली आहेत आणि तिथे या पट्ट्यांवर धोक्याचा इशारा छापणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कित्येक पट्ट्यांवर किती टन एवढेच मोठ्या अक्षरांत असते, आणि तो आकडा कशाचा, तेही लिहिलेले नसते.

मग निवड काय करावी? हौशी माणसाने, ज्याच्याभोवती कुटुंब आणि बघे असणार आहेत, विंचवर कृत्रिम दोर आणि जोडणीला सॉफ्ट शॅकल ठेवणे शहाणपणाचे. कोकणातल्या खाऱ्या हवेत पोलादी दोर आतून गंजतो, हेही त्यात धरावे. वापरानंतर दोर गोड्या पाण्याने धुवावा, सावलीत वाळवावा. जिथे दगडखाणीत रोजचे घासणे आहे, दोर हाताळणारी माणसे शिकलेली आहेत आणि बघ्यांना आत प्रवेश नाही, तिथे पोलादी दोर अजूनही योग्य. मात्र कुसळे दिसू लागलेला, पिरगळा पडलेला पोलादी दोर काय किंवा कापलेला, कडक झालेला कृत्रिम दोर काय, दोन्ही भंगारात. तुटलेल्या पट्ट्याला गाठ मारून ‘या वेळेपुरते’ चालवणे ही आपली जुनी खोड आहे. गाठीने दोराची ताकद निम्म्यावर येऊ शकते.

दोराआधी फावडे काढावे, हे मात्र कुणाला पटत नाही. चाके पूर्ण रुतलेली गाडी ओढायला तिच्या वजनाइतके बळ लागू शकते, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट, असा लष्करी वाहने ओढणाऱ्यांचा ठोकताळा आहे. चाकांपुढची वाळू उपसली, टायरमधली हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवली, तर अनेकदा गाडी दोराविनाच निघते. दोर लावलाच तर त्याच्या मध्यावर ओले गोणपाट किंवा जाड घोंगडी टाकावी आणि दोराच्या दीडपट अंतराच्या आत दोन्ही गाड्यांच्या चालकांखेरीज कुणीही नसावे. ताणलेला दोर ओलांडू नये. हातात चामडी मोजे असावेत, अंगठी खिशात असावी.

इजा झालीच तर पहिली काही मिनिटे महत्त्वाची. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखमेवर थेट, सलग दाब द्यावा. हातापायाचे रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या वर दोन-तीन इंच रुंद पट्टी घट्ट आवळावी, वेळ लिहून ठेवावी. सुतळी किंवा तार वापरू नये. तारेचा तुकडा शरीरात घुसला असेल तर तो उपसू नये. डोळ्याला लागले असेल तर चोळू नये, धुण्याच्या भानगडीत पडू नये. कागदी कप उपडा ठेवून डोळा झाकावा आणि निघावे. तुटलेले बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात टाकले तर पेशी गोठून मरतात. १०८ क्रमांकावर फोन करताना ‘बोट तुटले आहे’ हे स्पष्ट सांगावे, म्हणजे जोडण्याची सोय असलेल्या रुग्णालयाची चौकशी आधीच करता येते. जखम मातीची असल्याने धनुर्वाताच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

सर्वांत फसवी इजा मुक्या माराची. दोराचे टोक पोटावर किंवा बरगड्यांवर बसते, कपडे फाटत नाहीत, रक्त दिसत नाही, माणूस उठून ‘काही नाही झाले’ म्हणतो आणि गाडी निघाल्याच्या आनंदात चहा घेतो. डाव्या बरगड्यांखालची प्लीहा फुटली असेल तर रक्तस्राव आत हळूहळू होत राहतो. डाव्या खांद्यात विनाकारण दुखू लागणे, घेरी, थंड घाम, वाढती नाडी ही त्याची चिन्हे. अशा माणसाने गाडी चालवत पुण्या-मुंबईकडे निघू नये. जवळच्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात जाऊन सोनोग्राफी करून घ्यावी, आणि ती चांगली आली तरी डॉक्टर सांगतील तितका वेळ तिथेच थांबावे.