पाटीआधी कान, डोळे, दंड

1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं हाही त्यांच्या शिकवण्याचाच भाग होता. पुढे कोसबाडच्या परिसरात तर शाळाच आदिवासी पाड्यावरच्या अंगणात गेली. मूल वर्गात रमायचं तर आधी त्याची तब्येत धड हवी, हे या दोघींनी फार लवकर ओळखलं.

या कामाला परिचारिकेची रीतसर जोड मिळायला तीस वर्षं लागली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातल्या 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. आहार आणि शाळापूर्व शिक्षण अंगणवाडीकडे, तर लसीकरण आणि तपासणीत आरोग्य खात्याचा हात. खाती दोन, मूल एकच! गावात हा सांधा जुळवला तो बायकांनी. सेविका मुलं गोळा करते, उपकेंद्राच्या सिस्टर लस टोचतात, आणि 2005 नंतर घरोघरी आठवण करून द्यायला आशाताईही आल्या. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत ‘अ’ जीवनसत्त्वाचे नऊ डोस पुरे व्हायचे, तर हा पाठपुरावा सुटून चालत नाही.

फेब्रुवारी 2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली ती पालघरला, म्हणजे कोसबाडच्याच पट्ट्यात. फिरत्या पथकात दोन डॉक्टर, औषधनिर्माता आणि नर्स. अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी वर्षातून दोनदा.

या तपासणीत बघण्यासारखं बरंच असतं. दंडाभोवती रंगीत पट्टी गुंडाळतात. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत माप आलं की लाल रंग, म्हणजे तीव्र कुपोषण. मुलाच्या पाठीमागून हळूच हाक मारतात. ते वळलं नाही, तर कान वाहतो का ते पाहायचं. असं मूल पहिलीत गेल्यावर ‘लक्ष देत नाही’ म्हणून मागच्या रांगेत बसवलं जातं, म्हणून ही एक हाक फार मोलाची.

2022 मध्ये राज्यात ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान आलं. मेळावे भरले, आयांचे गट झाले. कौतुक शाळांचं झालं, ते योग्यच. पण त्या मुलांची वजनं आणि लसी वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या सिस्टर आणि सेविकांचा उल्लेख त्यात ठळकपणे व्हायला हवा होता.

खरी अडचण तपासणीनंतर येते. दोष आढळलेलं मूल पुढच्या उपचारासाठी जिल्ह्याच्या केंद्रात न्यायचं तर आईची दिवसाची मजुरी बुडते. तिला राजी करायला सेविका आणि आशाताई पुन्हा त्याच दाराशी जातात.