बाळाची ऊर्जा, बाळाची प्रतिकारशक्ती

जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना भरपूर साखर लागते. नवजात बाळाकडे तिची शिल्लक तुटपुंजी. नाळ कापताच आईकडून येणारा पुरवठा थांबतो आणि यकृतातला साखरेचा साठा (ग्लायकोजेन) तासांच्या हिशेबात ओसरतो. अशातच अंग उबदार ठेवायचं, मेंदू चालवायचा, वाढायचं. म्हणून लढाईवरच्या खर्चात बाळाचं शरीर हात आखडता घेतं, असं काही शास्त्रज्ञ मानतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे अधिक. त्यामुळे जंतुसंसर्ग झाला तरी कित्येकदा ताप येत नाही. उलट अंग गार पडतं, बाळ दूध ओढत नाही.

अशा बाळांना वाचवण्यासाठी गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ऊब, स्तनपानाचा सल्ला आणि प्रतिजैविकं घरोघरी पोहोचवली. तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणून तान्हं बाळ गार लागलं किंवा प्यायचं थांबलं, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा.