विश्लेषण : ११ ओळींचा कोड हटला आणि हजारो प्रकल्प अडले! मुक्तस्रोत कोडचे तुकडे ठेवायचे कुठे?

कोणत्याही प्रोग्रामरला रोज लागणारे, चार-दहा ओळींचे कोड पुन्हा पुन्हा लिहिण्याऐवजी एकदा लिहून सर्वांसाठी खुले ठेवणे, हा मुक्तस्रोत अर्थात ओपन सोर्स समुदायाचा जुना शिरस्ता. मात्र हा कोड नेमका ठेवायचा कुठे, त्याची मालकी कोणाकडे आणि ती जागाच बंद झाली तर काय, हे प्रश्न वरकरणी वाटतात तेवढे साधे नाहीत.

*२०१६ मध्ये नेमके काय घडले?*

जावास्क्रिप्टचे तयार कोड ‘एनपीएम’ या भांडारात ठेवले जातात. तेथे ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे ११ ओळींचे एक पॅकेज होते. त्याचे काम एवढेच, की एखाद्या मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा किंवा शून्ये भरून त्याची लांबी ठरावीक करायची. म्हणजे ‘७’चे ‘००७’ करायचे. त्याचे लेखक अझेर कोचुलू यांच्या ‘किक’ या दुसऱ्या एका पॅकेजच्या नावावर त्याच नावाच्या मेसेजिंग कंपनीने हक्क सांगितला. एनपीएमने ते नाव कंपनीला दिले. त्यामुळे नाराज झालेल्या कोचुलू यांनी २२ मार्च २०१६ रोजी आपली २७३ पॅकेजेस मागे घेतली. त्यात लेफ्ट-पॅडही गेले आणि त्यावर थेट किंवा आडवळणाने विसंबलेले हजारो प्रकल्प ‘बिल्ड’ होईनासे झाले. ‘बॅबेल’सारखे लोकप्रिय साधनही त्यात होते. अखेर एनपीएमने जुनी आवृत्ती परत आणली आणि काही तासांत गाडे रुळावर आले. त्यानंतर पॅकेज मनाला येईल तेव्हा हटवण्यावर निर्बंध आले.

*मग सगळे ‘गिस्ट’वर का ठेवत नाहीत?*

कोडचे छोटे तुकडे ठेवण्याची सर्वांत परिचित जागा म्हणजे गिटहबची ‘गिस्ट’ ही सुविधा. कोड चिकटवला, बटण दाबले की दुवा तयार. प्रत्येक गिस्ट ही आतून गिटची रीपॉझिटरीच असते, त्यामुळे बदलांचा इतिहासही राहतो. मात्र समुदायाच्या दृष्टीने त्यात मोठी मेख आहे. गिस्ट व्यक्तीच्या खात्यावर असते, संस्थेच्या नाही. ती व्यक्ती समुदायातून बाहेर पडली किंवा तिने खाते बंद केले, तर कोडही जातो. दुसरे म्हणजे, एखाद्याला चूक सापडली तर तो प्रतिक्रिया लिहू शकतो किंवा स्वतःची प्रत काढू शकतो. दुरुस्तीचा रीतसर प्रस्ताव, म्हणजे ‘पुल रिक्वेस्ट’, पाठवण्याची सोय तेथे नाही. शिवाय ‘सीक्रेट’ गिस्ट नावाप्रमाणे गुप्त नसते. दुवा हाती लागलेला कोणीही ती उघडू शकतो. त्यामुळे तेथे पासवर्ड ठेवणे धोक्याचे.

*संकेतस्थळेच बंद पडू शकतात का?*

पडली आहेत. गूगलने २००६ मध्ये सुरू केलेली ‘गूगल कोड’ ही सेवा बंद करण्याची घोषणा मार्च २०१५ मध्ये केली आणि जानेवारी २०१६ मध्ये ती बंद झाली. ‘गिटोरियस’ २०१५ मध्येच थांबले. ‘बिटबकेट’ने २०२० मध्ये ‘मर्क्युरियल’ या प्रणालीचा आधार काढून घेतला. जागा चालू असली तरी ती आपल्याला उघडेलच असेही नाही. डिसेंबर २०१४ मध्ये दूरसंचार विभागाच्या आदेशावरून भारतात ३२ संकेतस्थळे रोखण्यात आली. आयसिसशी संबंधित मजकुराचे कारण त्यामागे होते. त्या यादीत गिस्ट आणि पेस्टबिन यांचाही समावेश होता. पुढे काही संकेतस्थळे खुली झाली. पण तोवर अनेक भारतीय प्रोग्रामरना हाताशी असलेल्या कोडसाठी पर्यायी वाटा शोधाव्या लागल्या. २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया, क्रिमिया येथील वापरकर्त्यांच्या गिटहब खात्यांवर मर्यादा आल्या. इराणपुरता हा प्रश्न जानेवारी २०२१ मध्ये सुटला.

*स्वतःचा सर्व्हर हा उपाय आहे का?*

मोठ्या समुदायांनी तो स्वीकारला आहे. डेबियन, नोम आणि केडीई हे तिन्ही प्रकल्प स्वतःच्या सर्व्हरवर ‘गिटलॅब’ चालवतात. त्यात ‘स्निपेट्स’ ही सोय आहे आणि वैयक्तिक स्निपेटप्रमाणेच प्रकल्पाच्या नावे स्निपेटही ठेवता येते. पण सर्व्हरचे भाडे, बॅकअप, सुरक्षा अपडेट हे सारे कोणीतरी सातत्याने करावे लागते. अलीकडे ‘एआय’साठी मजकूर गोळा करणाऱ्या बॉट्सचा माराही वाढला आहे. २०२५ मध्ये नोमला त्यासाठी वेगळी तटबंदी उभारावी लागली. पाच-सात स्वयंसेवकांच्या गटाला हे झेपणे कठीण.

मधला मार्ग म्हणजे बर्लिनमधील ‘कोडबर्ग’. सहकारी गृहनिर्माण संस्थेत जसे सभासदच मालक असतात, तशी ही ना-नफा संस्था सभासदांच्या मतांवर चालते. ती विकत घेतली जाण्याची भीती नाही. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलर मोजून गिटहब विकत घेतल्यानंतर ही भीती अनेकांच्या बोलण्यात आली होती. मात्र गिटहबवर असलेली माणसांची वर्दळ अशा छोट्या जागी मिळत नाही, हेही खरे.

*परवान्याचा मुद्दा कुठे येतो?*

कोड सर्वांना दिसतो म्हणजे तो सर्वांना वापरता येतो, हा गैरसमज आहे. परवाना लिहिलेला नसेल तर कॉपीराइट लेखकाकडेच राहतो. ‘स्टॅक ओव्हरफ्लो’वरील उत्तरे ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या श्रेयनिर्देश आणि समान परवाना या अटींवर खुली असतात. तेथून उचललेला कोड ‘एमआयटी’ परवान्याच्या प्रकल्पात जसाच्या तसा टाकला तर अटींचा भंग होऊ शकतो. म्हणूनच प्रत्येक संग्रहात एकच, स्पष्ट परवाना असणे आवश्यक ठरते.

*मग समुदायाने काय करावे?*

स्वतंत्र गिस्टांचा पसारा मांडण्यापेक्षा समुदायाच्या नावाने एकच रीपॉझिटरी ठेवणे सोयीचे. प्रत्येक तुकड्याला वेगळा फोल्डर, काय करतो याची दोन ओळींची माहिती, एक उदाहरण आणि एक चाचणी. किमान दोघा-तिघांकडे व्यवस्थापनाचे अधिकार हवेत, म्हणजे एकजण निघून गेला तरी काम अडत नाही. दुसऱ्या एखाद्या जागी आपोआप अद्ययावत होणारी प्रत, म्हणजे ‘मिरर’, ठेवावी. गिटमध्ये सर्वसाधारणपणे प्रत्येक क्लोनमध्ये पूर्ण इतिहास असतो, त्यामुळे कोड हलवणे अवघड नाही. तक्रारी आणि चर्चा मात्र क्लोनमध्ये येत नाहीत, त्यांची निर्यात वेगळी करावी लागते.

याशिवाय फ्रान्समधील ‘इन्रिया’ संस्थेने २०१६ मध्ये सुरू केलेले ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ हे संग्रहालय आहे. सार्वजनिक रीपॉझिटरीचा पत्ता दिला की ते तिची प्रत जतन करते आणि प्रत्येक फाइलला कायमस्वरूपी ओळखक्रमांक देते. मूळ जागा बंद झाली तरी त्या क्रमांकावरून कोड सापडतो.

लेफ्ट-पॅडचे काम पुढे जावास्क्रिप्ट भाषेनेच स्वतःकडे घेतले. २०१७ पासून ‘पॅडस्टार्ट’ ही सोय भाषेतच उपलब्ध आहे. परंतु प्रत्येक उपयुक्त तुकड्याच्या नशिबी हे भाग्य नसते. बाकीच्यांसाठी दुसरी प्रत आणि दुसरा माणूस, ही तजवीज समुदायालाच करावी लागते.