प्रॉपेलर मागे नेल्यावर : स्वनिर्मित विमानाच्या रचनेचा विचार

विमानाचा प्रॉपेलर पाठीमागे बसविण्याची कल्पना नवी नव्हे. राइट बंधूंनी १९०३ साली किटी हॉक येथे उडविलेल्या विमानाचे दोन्ही प्रॉपेलर पंखांच्या मागेच होते. पुढे प्रॉपेलर नाकावर बसविण्याची पद्धत रूढ झाली व जुनी मांडणी अपवादापुरती उरली. तिला घरी विमान बांधणाऱ्यांच्या क्षेत्रात नवी प्रतिष्ठा मिळाली ती अमेरिकन अभिकल्पक बर्ट रुटान यांच्यामुळे. त्यांच्या ‘व्हेरीईझी’चे पहिले उड्डाण १९७५ साली झाले, ‘लाँग-ईझी’चे १९७९ साली. पहिल्या नावाच्या उच्चारातून ‘फार सोपे’ असा अर्थ ध्वनित होतो. बांधणीपुरता तो काहीसा खराही आहे. कारण फेसाळ प्लॅस्टिकचा गाभा तापलेल्या तारेने कापून त्यावर काचतंतूंचे कापड इपॉक्सीने चिकटविले की साच्यावाचून पंख तयार होतो. रचनेचे शास्त्र मात्र सोपे नाही.

एंजिन हा विमानातील सर्वांत जड घटकांपैकी एक होय. तो मागे गेला की गुरुत्वमध्यही मागे सरकतो. म्हणून तोल राखण्यासाठी वैमानिकास पुढे बसवावे लागते. मागे प्रॉपेलर फिरत असल्याने नेहमीच्या शेपटीस सोयीची जागा राहत नाही. रुटान यांनी उंचीचे नियंत्रण पुढील लहान पंखाकडे सोपविले आणि सुकाणू मुख्य पंखांच्या टोकांवरील उभ्या पृष्ठांवर नेले. पंख मागे झुकविल्यामुळे या सुकाणूंना पुरेशी तरफ मिळते. पुढील पंखास ‘कॅनार्ड’ म्हणतात. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ बदक. उडणाऱ्या बदकाची पुढे ताणलेली मान पाहिली असता नावाची समर्पकता कळते.

या मांडणीचा खरा लाभ सुरक्षिततेचा आहे. नाक फार वर उचलले असता पंखावरील हवेचा प्रवाह सुटतो व उत्थापन ढासळते. येथे तो प्रथम कॅनार्डवरच सुटावा अशी योजना असते. मग नाक आपोआप खाली येते आणि मुख्य पंख शाबूत राहतो. परंतु गुरुत्वमध्य नेमलेल्या मर्यादेच्या मागे गेला, तर मुख्य पंखच आधी निकामी होण्याचा धोका उद्भवतो. जमिनीवर याच हिशेबाचे एक गमतीदार रूप दिसते. वैमानिक उतरताच विमान मागे कलंडू पाहते. म्हणून पुढचे चाक आत घेऊन ते नाकावर टेकवून ठेवतात.

उणिवाही आहेत. चाकांनी उडविलेले खडे प्रॉपेलरवर आपटतात. उड्डाणाच्या वेळी नाक अधिक उचलल्यास तो जमिनीस लागू शकतो. पावसाने तर एक अनपेक्षित दोष उघडकीस आणला. कॅनार्डचा मूळ छेद ओला झाला की काही विमानांत त्याचे उत्थापन घटे व नाक खाली झुके. पुढे जॉन रॉन्झ यांनी आखलेल्या छेदाने ही अडचण दूर झाली.

बांधणाऱ्याने आराखड्यात केलेला बदल कोठवर पोहोचतो याचे दुःखद उदाहरण १२ ऑक्टोबर १९९७ रोजी घडले. गायक जॉन डेन्व्हर यांचे लाँग-ईझी कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्हजवळ समुद्रात कोसळून त्यांचा मृत्यू झाला. इंधनाची टाकी बदलण्याची तोटी आराखड्यानुसार वैमानिकाच्या समोर, पायांच्या मध्ये असावयाची. ती या विमानात, बांधणाऱ्याने, डाव्या खांद्यामागे बसविली होती. वैमानिकाच्या कक्षातून इंधनाच्या नळ्या नेणे टळावे, हा त्यामागील हेतू. हेतू गैर नव्हता. पण तोटीपर्यंत हात नेण्यासाठी अंग वळवावे लागे, आणि वळताना उजवा पाय नकळत सुकाणूच्या पेडलवर दाबला जाण्याचा संभव असे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने अपघाताच्या कारणमीमांसेत तोटीच्या या जागेचा स्पष्ट निर्देश केला आहे.